सर्पदंशाचा रुग्ण: फोन आल्यापासून रुग्णालयाच्या ताब्यात देईपर्यंत

हा लेख रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांसाठी आणि नर्सिंग, बीएएमएस, पॅरामेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पावसाळा लागला, भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे कॉल वाढतात आणि दरवर्षी चुका त्याच होतात. दंशाच्या जागेवर सगळे तुटून पडतात, साप कोणता यावर अर्धा तास खल होतो आणि रुग्णाचा श्वास मंदावतोय इकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यामुळे खाली कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो बदलू नका.

प्राणिशास्त्र लागतं ते एवढंच: महाराष्ट्रात जिवावर बेतणारे बहुतेक दंश चार सापांचे असतात. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर काम करतं, म्हणजे श्वास बंद पाडतं. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्त गोठू देत नाही. घोणस वर मूत्रपिंडालाही धरते. आपल्याकडची एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष) या चारही विषांवर एकच असते, म्हणून सापाची ओळख पटण्यावर उपचार अडत नाहीत.

१. गाडी निघण्याआधीची तयारी

दंशाचा कॉल आल्यावर पिशवी तपासायची नसते. ती शिफ्टच्या सुरुवातीला तपासायची.

- अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), मोठ्यांचा आणि लहान मुलांचा असे दोन्ही मास्क. मुलाचा मास्क नसतो, ही सर्वात जास्त आढळणारी त्रुटी.
- सक्शन मशीन (तोंडातली लाळ, उलटी ओढून काढणारं). बॅटरी चार्ज आहे का हे दिवा बघून ठरवू नका, पाणी ओढून बघा.
- ओरल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची नळी), ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर.
- आयव्ही कॅन्युला, नॉर्मल सलाइन, अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, निओस्टिग्मिन.
- काचेच्या कोरड्या, स्वच्छ टेस्ट ट्यूब. प्लास्टिकच्या चालत नाहीत. कारण पुढे येईल.
- बॉलपेन किंवा मार्कर, आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

तुमच्या भागात कोणत्या केंद्रात आत्ता एएसव्ही शिल्लक आहे आणि कुठे व्हेंटिलेटर चालू आहे, याची यादी गाडीत चिकटवलेली असावी. ही चौकशी रुग्ण गाडीत घेतल्यावर सुरू केली तर रस्त्यावरच वेळ जातो.

२. फोनवर

नातेवाईक "सर्पदंश" असा शब्द क्वचितच वापरतात. "पान लागलंय", "जनावर डसलं", कोकणात "किरडू चावला" असं सांगतात. "अंधारात कायतरी चावलं" असाही फोन येतो. हे सगळे कॉल सर्पदंश समजूनच घ्या.

विचारायच्या गोष्टी चारच: किती वाजता चावलं, कुठे चावलं, आत्ता बोलतोय का, श्वास नीट चालू आहे का. मग सूचना द्या:

"दादा, त्याला चालवू नका. झोपवून ठेवा. हात किंवा पाय चावला असेल तो फळीला नाहीतर काठीला सैलसर बांधा, हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोडा काढा. काही खायला-प्यायला देऊ नका."

गाडी पोहोचायला वेळ लागणार असेल तर त्यांना वाट बघत बसवू नका. जीपमध्ये किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून रुग्णाला निघू द्या आणि अर्ध्या वाटेवर भेटा. मात्र जागा नक्की ठरवा, एकाच फाट्याचं नाव घेऊन. "रस्त्यात भेटू" असं ठरलं की दोन्ही गाड्या एकमेकींना चुकतात.

सावधान: साप मारून आणायला सांगू नका. त्यात दुसऱ्याला दंश होतो, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून कुणी मोबाइलवर फोटो काढला असेल तर ठीक, पण त्यासाठी कुणाला परत शेतात धाडू नका.

३. पोहोचल्यावरची पहिली दोन मिनिटं

या दोन मिनिटांत दंशाच्या जागेकडे बघायचंच नाही. रुग्णाच्या तोंडाकडे बघा.

नाव विचारा. उत्तर स्पष्ट आलं, आवाज नेहमीसारखा आहे, तर श्वासमार्ग मोकळा आहे. आवाज घोगरा किंवा नाकातून येतोय, लाळ ओघळतेय, थुंकी गिळता येत नाही, असं दिसलं तर डाव्या कुशीवर करा, सक्शन हाताशी घ्या आणि तोंडातून काहीही देणं बंद करा. विष चढलंय का बघायला कडुलिंबाचा पाला किंवा मिरची खायला देण्याची पद्धत अजून अनेक गावांत आहे. गिळणं बंद झालेल्या माणसाच्या तोंडात पाला म्हणजे तो थेट श्वासनलिकेत. तोंडात बोट घालून आधी ते साफ करा, मात्र रुग्ण शुद्धीवर असून दात आवळत असेल तर बोट घालू नका, सक्शन वापरा.

मग श्वासाची गती, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. आयव्ही लाइन दंश नसलेल्या हातात, पहिल्या प्रयत्नात जाईल अशी शीर निवडून लावा. घोणस किंवा फुरसे असेल तर प्रत्येक टोचलेली जागा वाहत राहते.

तपासा: रुग्ण सरळ बोलतोय? थुंकी गिळतोय? श्वास मोजला? ही तिन्ही उत्तरं आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. दंशाची जागा: कमीत कमी हात लावा

करायचं ते: घट्ट वस्तू काढा, अवयव स्प्लिंटला बांधून स्थिर ठेवा. सुजेची सीमा मार्करने आखा आणि रेषेशेजारी वेळ लिहा. पुढच्या डॉक्टरला सूज किती वेगाने चढतेय हे त्या एका रेषेवरून कळतं. जखमेच्या कितीही सुंदर वर्णनातून ते कळत नाही.

करायचं नाही ते: कापणं, चोखणं, बर्फ, पोटॅशियम परमँगनेट, तुरटी, विजेचा झटका, मोटरसायकलच्या प्लगची तार. दाब देणारं क्रेप बँडेजही नको. घोणस आणि फुरशाच्या दंशात विष आधीच स्नायू सडवत असतं, ते एका जागी कोंडून ठेवलं की नुकसान वाढतं.

आता दोरीचा प्रश्न. निम्मे रुग्ण दोरी, चिंधी किंवा साडीची किनार घट्ट आवळूनच येतात, कधी एकाखाली एक तीन ठिकाणी. बघितल्याबरोबर कात्री चालवायचा मोह होतो. तो आवरा. अडवलेलं विष एकदम रक्तात गेलं तर काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो, आणि तुम्ही त्या वेळी घाटातल्या वळणावर असाल. क्रम असा:

1. बंधनाच्या खाली नाडी लागते का बघा. लिहा.
2. बंधन किती वाजता बांधलं ते विचारून लिहा.
3. बंधन तसंच ठेवून रुग्णालय गाठा. खालचा भाग थंड, निळा पडला असेल आणि नाडी लागत नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन लावून सूचना घ्या.
4. रुग्णालयात आयव्ही चालू, अँबू बॅग हातात, एएसव्ही तयार, डॉक्टर समोर, अशा स्थितीत बंधन सोडा. अनेक बंधनं असतील तर सर्वात वरचं शेवटी.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, आयबुप्रोफेनही नको. केंद्रात सवयीने डायक्लो दिलं जातं. रक्त न गोठणाऱ्या माणसाला ते देणं म्हणजे रक्तस्रावाला आणि मूत्रपिंडाच्या इजेला हातभार. धनुर्वाताचं इंजेक्शनही रक्त गोठतंय हे कळेपर्यंत थांबू शकतं.

५. विष कुठे काम करतंय ते ओळखणं

साप कोणता हे विचारण्यापेक्षा रुग्णाचं शरीर काय सांगतंय ते बघा.

*रक्तावर परिणाम:* हिरड्यांतून, नाकातून, आयव्हीच्या जागेतून रक्त, लघवी लालसर किंवा चहासारखी, झपाट्याने चढणारी, दुखरी सूज, फोड. रुग्णाला गाडीतच लघवीला झालं तर ती पारदर्शक बाटलीत धरा आणि रंग लिहा. रक्तदाब कमी, तोंडावर, विशेषतः कानाखाली सूज आणि डोळ्यांचे पांढरे भाग फुगलेले दिसले तर घोणशीच्या विषाने रक्तवाहिन्या गळू लागल्यात. हा रुग्ण वेगाने बिघडतो.

*मज्जातंतूंवर परिणाम:* एकाचं दोन दिसणं, पापण्या पडणं, बोलणं जड होणं, गिळता न येणं, मान न उचलता येणं, मग श्वास.

मण्यारीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सर्वात फसवी तीच. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण अनेकदा सापडतच नाही. पहाटे मूल उठून म्हणतं, पोटात दुखतंय. एखादी उलटी होते. घरचे ओवा देतात, केंद्रात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देतात. तासाभराने मूल सुस्तावतं, आई म्हणते, "रात्री झोपला नाही ना, झोप येतेय त्याला." ती झोप नसते, पापण्या पडत असतात. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी किंवा घसा आवळल्याची तक्रार घेऊन आला की दंशाची खूण नसली तरी मण्यार धरून चाला.

झोप आणि पडलेली पापणी यांतला फरक असा ओळखा. रुग्णाला वर, तुमच्या बोटाकडे बघायला सांगा आणि पूर्ण एक मिनिट बघत राहू द्या. पापणी हळूहळू खाली येते, तो भुवया उंचावून आणि मान मागे टाकून बघायचा प्रयत्न करतो. झोपेत असलेला असं करत नाही.

मग श्वासाची मोजणी. "काका, मोठा श्वास घ्या आणि एका दमात एक, दोन, तीन मोजत जा." नेहमीच्या गतीने निरोगी माणूस तीसच्या पुढे जातो. पहिल्या वेळी २८, पंधरा मिनिटांनी २०, पुढे १२ असं झालं तर श्वासाचे स्नायू हरताहेत. आकडा एकदा घेऊन उपयोग नाही, दर १५ मिनिटांनी घ्या आणि वेळेसह लिहा.

सावधान: ऑक्सिजन चालू असताना पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो आकडा घसरेल तेव्हा उशीर झालेला असतो. मोजणी कमी होत चालली, मान उचलता येत नाही, लाळ साठतेय, तर मशीन काहीही दाखवो, अँबू बॅग काढा.

मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांना एक श्वास, छाती दिसण्याइतकी वर येईल एवढाच दाब. घाबरून भराभर पंपिंग केलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते. हे तासभर करावं लागू शकतं, म्हणून दोघांनी आळीपाळीने करा. नातेवाइकाला मास्क धरायला शिकवायलाही लाजू नका.

आणखी एक. विष पूर्ण चढलेल्या मण्यारीच्या रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, बुबुळं मोठी आणि प्रकाशाला न हलणारी, हात-पाय लुळे. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण हा माणूस बहुतेक वेळा सगळं ऐकत असतो. बुबुळं हलत नाहीत म्हणून मेंदू मेला असं ठरवू नका, श्वास देणं थांबवू नका, आणि त्याच्यासमोर "हा काय वाचत नाही" असं बोलू नका. त्याला नावाने हाक मारून काय करताय ते सांगत राहा. डोळे हाताने बंद करून कोरड्या पट्टीने झाका, नाहीतर बुबुळावर जखम होते. असे रुग्ण काही दिवस कृत्रिम श्वासावर राहून घरी चालत जातात.

६. वीस मिनिटांची रक्ताची चाचणी

गावातल्या केंद्रात रक्त गोठतंय का हे कळायला एवढी स्वस्त आणि भरवशाची चाचणी दुसरी नाही, आणि एवढी बिघडवली जाणारीही नाही.

1. शिरेतून २ मिली ताजं रक्त घ्या.
2. काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये सोडा.
3. स्टँडमध्ये उभी ठेवा. वेळ लिहा. २० मिनिटं हात लावू नका.
4. २० मिनिटांनी एकदाच तिरकी करा. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. म्हणजे घोणस किंवा फुरसे, एएसव्ही हवी.

चुका जवळजवळ नेहमी याच: ट्यूब प्लास्टिकची, किंवा डिटर्जंटने धुतलेली. दोन्हींत निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि विनाकारण एएसव्ही लागते. दुसरी, दहाव्या मिनिटाला "बघू तरी" म्हणून हलवणं. तिसरी, सोबतच्या निरोगी नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये न घेणं. त्याचं गोठलं आणि रुग्णाचं नाही, तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो.

पहिली चाचणी व्यवस्थित आली म्हणून घरी सोडू नका. पहिले तीन तास दर तासाला, नंतर २४ तासांपर्यंत दर सहा तासांनी ती पुन्हा करा. दंश झाला आणि विष शिरलंच नाही असंही बऱ्याचदा घडतं, पण ते २४ तास नजरेखाली ठेवल्यावरच म्हणता येतं.

७. एएसव्ही चालू करताना

निर्णय डॉक्टरांचा, पण तयारी आणि नजर तुमची. एएसव्ही दंश झाला म्हणून देत नाहीत. विषबाधेची लक्षणं असतील, रक्त गोठत नसेल, किंवा सूज झपाट्याने चढत असेल तर देतात. आणि लक्षणं असतील तर न देता "पुढे पाठवा" म्हणणं ही गंभीर चूक. साठा हाताशी आहे, डॉक्टर आहेत, तर पहिला डोस सुरू करूनच रुग्ण हलवायचा.

- पहिला डोस १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या). लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. मुलासाठी फक्त सलाइनचं प्रमाण कमी. गरोदर बाईलाही एएसव्ही नाकारायची नाही.
- पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये सोबतचं १० मिली स्टराइल पाणी घाला आणि तळहातात गोल फिरवा. जोराने हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं.
- सगळं सलाइनमध्ये मिसळून शिरेतून, अर्ध्या ते एका तासात. स्नायूत किंवा दंशाच्या जागेभोवती टोचायची नाही. बोटात तर कधीच नाही.
- टेस्ट डोस देऊ नका. त्यावरून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो.

बाटली लावण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून ट्रेमध्ये ठेवा: मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. खाज, अंगावर गांधी, थंडी वाजणं, उलटी, छातीत सूं-सूं, रक्तदाब घसरणं यातलं काहीही दिसलं तर एएसव्ही थांबवा, अ‍ॅड्रेनॅलिन द्या, डॉक्टरांना हाक मारा. सावरल्यावर एएसव्ही पुन्हा हळू सुरू होते. रिअ‍ॅक्शन आली म्हणून ती कायमची बंद करायची नसते. नाडी, रक्तदाब, श्वास पहिला अर्धा तास दर ५ मिनिटांनी, पुढे दोन तास दर १५ मिनिटांनी.

मज्जातंतूंची लक्षणं असतील तर डॉक्टर आधी अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि मग निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत सांगतील, हे मोठ्या माणसाचे डोस. नागाच्या दंशात पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीत बहुधा फरक पडत नाही. तिथे भिस्त अँबू बॅगवर आणि व्हेंटिलेटरवर.

रक्त न गोठणाऱ्या रुग्णात पहिल्या डोसनंतर अर्ध्या तासात चाचणी केली आणि रक्त गोठलं नाही म्हणून आणखी व्हायल फोडल्या, असं बरेचदा होतं. रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला वेळ लागतो. चाचणी सहा तासांनी करा.

सह्याद्रीच्या पट्ट्यात चापडा चावल्याचे रुग्ण येतात. त्यावर ही एएसव्ही चालत नाही. सूज, वेदना आणि रक्त यांवर लक्ष ठेवून आधाराचे उपचार होतात. साप हिरवा होता आणि झाडावर होता असं नातेवाईक खात्रीने सांगत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

८. ताब्यात देताना

तोंडी सांगितलेलं दारातच विसरलं जातं. एका कागदावर लिहून द्या आणि वाचून दाखवा:

- दंशाची वेळ, जागा, कोणत्या स्थितीत चावला (झोपेत, शेतात, लाकूड उचलताना).
- बंधन होतं का, कधी बांधलं, सोडलं का.
- गावात काय केलं: भगताकडे नेलं, कापलं, पाला खाऊ घातला. हे विचारताना दरडावू नका, नाहीतर लपवतात. "कुणी काही औषध दिलं का मावशी?" एवढं पुरतं.
- सूज आखल्याच्या वेळा, पापण्यांची स्थिती, एका दमातल्या मोजणीचे आकडे वेळेसह.
- रक्ताची चाचणी कधी लावली, काय आलं, पुढची कधी करायची.
- एएसव्ही किती व्हायल, किती वाजता सुरू, किती गेली, रिअ‍ॅक्शन आली का.
- वाटेत लघवी झाली का आणि रंग.

एएसव्ही घेतलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना जाता जाता सांगा: घरी गेल्यावर पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ उठली तर परत या, आणि येताना हा कागद आणा. मग गाडीत परत जाऊन वापरलेल्या काचेच्या ट्यूब आणि अ‍ॅड्रेनॅलिन भरून घ्या. पावसाळ्यात दुसरा कॉल त्याच रात्री येतो.